मुदत संपली म्हणजे नेमकं काय संपलं?

पत्र, थोडक्यात: "मी ३८ वर्षांची, मूळ नाशिकची, नोकरीमुळे पुण्यात असते. १९९८-९९ मध्ये सहावीत होते. ज्यांच्याकडे शिकवणीला जायचे त्या सरांनी वर्षभर माझ्यावर लैंगिक अत्याचार केले. घरी कुणाला सांगितलं नाही. २००८ मध्ये ताईच्या लग्नात ते आमच्याच मांडवात जेवून गेले, वाढायला मी होते. आता आमच्या महिला गटात एक निवेदन फिरतंय. अमेरिकेसारखा कायदा करा, जुन्या अत्याचारांची मुदत मागील तारखेपासून वाढवा, अशी मागणी आहे. सही करू का? भाऊ म्हणतो, 'सत्तावीस वर्षांनी कोण काय सिद्ध करणार? मुदत निरपराध माणसाला वाचवायलाच असते.' माझ्यासाठी दार बंद झालंय का? सर अजून क्लास घेतात."

ताई, तुमचे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. निवेदनावर सही करायची की नाही हे ठरवण्याआधी तुमची मुदत कुठे संपली आणि कुठे संपलेलीच नाही, हे बघायला हवं. गटात फिरणाऱ्या मसुद्यात हाच घोळ असण्याची दाट शक्यता आहे. 'मुदत वाढवा' एवढंच लिहिलं असेल, तर कुठल्या कायद्यातली मुदत हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आधी फौजदारी बाजू. आपल्याकडे गुन्ह्याची मुदत गुन्ह्याच्या नावावर ठरत नाही, त्याला जास्तीत जास्त शिक्षा किती यावर ठरते. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४, दोन्हींचं गणित एकच आहे. फक्त दंड असेल तर सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष, तीन वर्षांपर्यंत कैद असेल तर तीन वर्षं. तीन वर्षांच्या वर शिक्षा असलेल्या गुन्ह्याला मुदत नाही. बलात्काराला (तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३७६) १९९८ मध्येही मुदत नव्हती, आज तक्रार दिलीत तरी नाही. मुलग्यांच्या बाबतीत त्या काळी एकच कलम हाताशी होतं, अनैसर्गिक संभोगाचं ३७७, त्यालाही मुदत नाही.

मग अडतं कुठे? विनयभंगात. कलम ३५४ ला फेब्रुवारी २०१३ पर्यंत जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं होती, म्हणजे मुदत तीन वर्षं. आणि २०१३ पूर्वीची बलात्काराची व्याख्या इतकी अरुंद होती की लहान मुलांवरचे कित्येक गंभीर अत्याचार तिच्यात बसतच नसत. पोलीस ते ३५४ मध्ये टाकत. साक्षी संस्थेच्या याचिकेत २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती व्याख्या ताणायला नकार दिला आणि काम संसदेवर सोडलं. संसदेने ते केलं २०१३ मध्ये.

आता हे तुमच्या तारखांवर लावून बघा. शेवटचा प्रकार सहावीची परीक्षा संपता संपता, म्हणजे मार्च १९९९ मध्ये झाला असं धरू. तो ३५४ मध्ये गेला तर मुदत मार्च २००२ ला संपली. तेव्हा तुम्ही नववीत होतात. फौजदारी घड्याळ अज्ञान वयासाठी, म्हणजे अठरा पूर्ण नाहीत म्हणून, थांबत नाही. आरोपी परदेशात असेल तर तो काळ वगळायची सोय आहे, सरकारी परवानगीची वाट बघण्यात गेलेला काळही वगळतात. पण फिर्यादी बारा वर्षांची होती म्हणून काही वगळायची तरतूद त्या प्रकरणात कुठेच नाही. आम्हाला विचाराल तर जुन्या कायद्यातली सगळ्यात मोठी खोट हीच.

२०१३ मध्ये ३५४ ची शिक्षा पाच वर्षांवर गेली आणि मुदत उडाली, पण ते पुढच्या गुन्ह्यांसाठी. तुमच्या सरांना १९९९ च्या ३५४ चीच शिक्षा होऊ शकते, कारण घटनेचं कलम २०(१) गुन्ह्याच्या दिवशी होती त्याहून जास्त शिक्षा द्यायला मनाई करतं. पॉक्सोचंही, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचंही, तसंच. तो १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला, त्याआधीच्या कृत्यांना लागत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने जाहीर केलं होतं की बालपणीच्या अत्याचाराची तक्रार कोणत्याही वयात देता येते. त्या बातमीची कात्रणं अजून फिरतात. पण तो खुलासा पॉक्सोच्या कलम १९ बद्दल, म्हणजे गुन्हा पोलिसांना कळवण्याबद्दल होता. तुमच्या १९९८ ला त्याचा थेट उपयोग नाही.

तरीही 'दार बंद' म्हणू नका. दोन कारणं. एक म्हणजे, तुमच्यावर जे झालं ते कोणत्या कलमात बसतं हे तुम्ही किंवा आम्ही पत्रावरून ठरवायचं नाही. पूर्ण जबाब ऐकल्यावर ते ठरतं, आणि तो ३७६ मध्ये बसला तर मुदतीचा प्रश्नच उरत नाही. दुसरं म्हणजे, मुदत न्यायालयाला दखल घेण्यापासून अडवते, पोलिसांना गुन्हा नोंदवण्यापासून नाही. शिवाय जुनं कलम ४७३, आताचं ५१९, यात न्यायालय मुदतीनंतरही दखल घेऊ शकतं. उशिराचं कारण नीट समजावलेलं असावं किंवा न्यायासाठी ते गरजेचं वाटावं, एवढंच. वकील याला विलंब माफीचा अर्ज म्हणतात. इथे एक चूक वारंवार होते. आरोपीला नोटीस न देताच अर्ज मंजूर करून घेतात आणि पुढे सगळा खटला तिथेच कोसळतो. महाराष्ट्र सरकार विरुद्ध शरदचंद्र डोंगरे या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय, की आरोपीचं म्हणणं ऐकल्याशिवाय विलंब माफ होत नाही. तुमच्या वकिलांना हे ठाऊक आहे ना, एवढं विचारून घ्या. आणि मुदत मोजतात ती तक्रार दिल्याच्या दिवसापर्यंत, न्यायालयाने दखल घेतली त्या दिवसापर्यंत नाही. म्हणून तक्रार दिल्याची तारीख कागदावर असणं फार महत्त्वाचं.

आता दिवाणी बाजू, म्हणजे नुकसानभरपाईचा दावा. अमेरिकेत जो गाजावाजा झाला तो या बाजूचा. आपल्याकडे याबद्दल कुणी बोलत नाही, आणि दार खरोखर बंद आहे ते इथेच.

१९६३ च्या मुदतीच्या कायद्यात अशा दाव्याला वेगळं कलम नाही, तो अनुच्छेद ११३ मध्ये जातो: तीन वर्षं. अज्ञान वय असेल तर कलम ६ आणि ८ मुळे अठरा पूर्ण झाल्यावर आणखी तीन वर्षं मिळतात. म्हणजे एकविसावा वाढदिवस ही शेवटची तारीख. तुम्ही १९८७ च्या, तर २००८. ज्या वर्षी सर तुमच्या मांडवात जेवत होते आणि तुम्ही वाढत होतात, त्याच वर्षी तुमचा दावा करायचा हक्क गेला. तोवर तो हक्क होता हेही तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

इथे विलंब माफीही नाही. कलम ५ अपिलांना आणि अर्जांना लागू होतं, दाव्यांना नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कलम ३ प्रमाणे न्यायाधीशाला दावा फेटाळावाच लागतो. 'तेव्हा मानसिक धक्क्यात होते' हेही चालत नाही, कारण एकदा घड्याळ सुरू झालं की नंतर आलेली असमर्थता ते थांबवत नाही (कलम ९). कुणी वकील 'करू काहीतरी' म्हणून दिवाणी दाव्याची फी मागत असेल तर हे चार आकडे त्याच्यासमोर ठेवा: ३, ५, ९, ११३.

म्हणून निवेदनाबद्दल आमचं मत असं. फौजदारी मुदत सरसकट मागे नेण्याच्या मागणीवर सही करू नका. दिवाणी मुदत मागे नेण्याच्या मागणीवर जरूर करा. पण मसुदा बदलून घेऊन.

भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. तुरुंगात टाकायची ताकद सरकारकडे असते, आणि सरकारने 'या तारखेनंतर तुझ्यावर खटला नाही' म्हटल्यावर वीस वर्षांनी शब्द फिरवायचा, हे आज तुमच्या सरांविरुद्ध बरं वाटलं तरी उद्या दुसऱ्या कुणाविरुद्ध वापरलं जाईल. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने नेमकं हेच केलं होतं. २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते रद्द केलं: संपलेली फौजदारी मुदत पुन्हा जिवंत करता येणार नाही. आपल्याकडे त्यासाठी ५१९ ची खिडकी आहे, प्रकरण बघून न्यायाधीश ती उघडतो, ते बरं. मागायचंच असेल तर त्या कलमात एवढी भर मागा, की अज्ञान वयात झालेल्या गुन्ह्याचं घड्याळ अठराव्या वर्षी सुरू व्हावं. ते पुढच्यांसाठी.

दिवाणी दाव्यात मात्र कुणी तुरुंगात जात नाही. प्रश्न भरपाईचा असतो, आणि कोणत्या संस्थेने कानाडोळा केला ते नोंदलं जाण्याचा. पुरावा द्यायची जबाबदारी दावा करणाऱ्याचीच राहते. भाऊ म्हणतो, जुने कागद हरवतात. हरवतातच, पण त्याचा तोटा आधी वादीला होतो.

न्यूयॉर्क राज्याने १४ ऑगस्ट २०१९ पासून एक वर्षाची खिडकी उघडली. कितीही जुना बालअत्याचार असो, त्या वर्षात दावा करा. कोरोनामुळे ती १४ ऑगस्ट २०२१ पर्यंत लांबली. सुमारे ११ हजार दावे दाखल झाले. न्यू जर्सीने त्याच सुमारास दोन वर्षांची खिडकी दिली. मेरीलँडने २०२३ मध्ये मुदतच काढून टाकली. कायदा १ ऑक्टोबरला लागू होणार होता, आणि बाल्टिमोरच्या कॅथलिक आर्चडायोसिसने (चर्चच्या धर्मप्रांताने) २९ सप्टेंबरला दिवाळखोरीचा अर्ज टाकला. दिवाळखोरीत गेलं की सगळे दावे एका टोपलीत जातात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार हे संस्थेच्या शिल्लक पैशावर ठरतं. युटा आणि मेन या राज्यांच्या न्यायालयांनी मात्र अशा तरतुदी तिथल्या राज्यघटनेविरुद्ध ठरवल्या. पेनसिल्व्हेनियात तर अशीच खिडकी उघडणाऱ्या घटनादुरुस्तीची जाहिरात वर्तमानपत्रात द्यायची सरकारी खात्याकडून राहून गेली, आणि २०२१ मध्ये सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून. सरकारी कार्यालय सगळीकडे सारखंच, एवढं समाधान.

यातून आपल्या मसुद्यासाठी काय घ्यायचं? पहिली गोष्ट शब्दांची. 'मुदत वाढवावी' लिहिलं तर न्यायालय ती पुढच्यांसाठीच वाढली असं धरेल. मेलेला हक्क जिवंत करायचा असेल तर कायद्यात तसं स्पष्ट म्हणावं लागतं. १९६३ च्या कायद्यातच कलम ३१ आहे, त्यात जुन्या कायद्याखाली मुदत संपलेले दावे नव्या कायद्याने जिवंत होणार नाहीत असं मुद्दाम लिहिलंय. वक्फ जमिनीच्या एका वादात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच धागा धरला. म्हणून मसुद्यात असं वाक्य हवं: "हा कायदा लागू होण्यापूर्वी ज्यांची मुदत संपली आहे असे दावेसुद्धा, लागू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करता येतील, पूर्वी केवळ मुदतीच्या कारणाने फेटाळलेले दावेही पुन्हा दाखल करता येतील." शेवटचं अर्धं वाक्य गाळू नका. आधी धाडस करून कोर्टात गेलेल्या बायकाच नाहीतर बाहेर राहतील.

दुसरी गोष्ट बहुतेक कुणाच्या ध्यानात येत नाही. भारतीय वारसा कायद्याच्या कलम ३०६ प्रमाणे, मारहाण किंवा शारीरिक इजेच्या भरपाईचा दावा दोघांपैकी एक मेला की संपतो, वारसांवर जात नाही. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रकरणांत आरोपी सत्तरी-ऐंशीचा असतो. खिडकी उघडली आणि तो गेला, की खिडकीतून दिसणार भिंत. मसुद्यात या कलमालाही अपवाद मागा. आणि संस्थेवरचा दावा, म्हणजे शाळा, वसतिगृह, ट्रस्ट, वेगळा नमूद करा, कारण संस्था मरत नाही.

तिसरी गोष्ट, निवेदन कुणाला द्यायचं. मुदत आणि दिवाणी प्रक्रिया दोन्ही समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे विधानसभाही दुरुस्ती करू शकते. फक्त ती केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. महिला-मुलांवरच्या अत्याचारांबद्दलचं शक्ती विधेयक आठवत असेल. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि संमतीअभावी कायदा झालंच नाही. त्यात फौजदारी कायद्यांना एकदम हात घातला होता. मुदतीच्या कायद्यात एक लहान कलम घालणं त्यामानाने सोपं जावं, पण आमदारांबरोबर खासदारांनाही प्रत द्या.

आता तुमचं स्वतःचं काम. कायदा होईपर्यंत थांबू नका. पुरावा थांबत नाही.

एका वहीत तारीखवार लिहायला घ्या. तारीख आठवत नसेल तर खूण लिहा: गणपतीच्या सुट्टीनंतर, सहामाहीच्या आधी, काकांकडे बारसं होतं त्या आठवड्यात. आठवत नाही ते 'आठवत नाही' असंच लिहा. रिकाम्या जागा अंदाजाने भरल्या की उलटतपासणीत त्याच पहिल्यांदा उघड्या पडतात आणि खऱ्या आठवणींनाही डाग लागतो. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा घ्या, तुमचं वय आणि इयत्ता त्यातून सिद्ध होते. क्लासची फी पावती, ग्रुप फोटो, सरांनी वहीवर केलेली सही, पत्ता असलेलं पत्रक, यातलं काही माळ्यावरच्या पेटीत सापडतं का बघा. त्या काळी किंवा नंतर कुणाला सांगितलं असेल, मैत्रीण, नवरा, समुपदेशक, तर त्यांची नावं आणि साधारण साल लिहा. घटनेच्या आसपास कुणाला सांगितलेलं असेल तर न्यायालयात त्याला वजन असतं. मानसोपचार घेतले असतील तर केसपेपर मागून घ्या. व्हॉट्सॲपवर सरांशी किंवा नातेवाइकांशी या विषयावर काही बोलणं झालं असेल तर नुसते स्क्रीनशॉट ठेवू नका, मूळ फोन जपा. विकू नका, रीसेट करू नका.

तक्रार नाशिकला जाऊनच द्यावी लागते असं नाही. पुण्यातल्या कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून ते नाशिकला पाठवतात. लेखी अर्ज दोन प्रतींत न्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. ती पोच हीच तुमची मुदतीची पावती. महिला अधिकाऱ्यानेच जबाब घ्यावा, हा तुमचा हक्क. 'एवढ्या जुन्याचं काय नोंदवायचं, एनसी (अदखलपात्र नोंद) करतो' असं ठाणे अंमलदार म्हणाले तर वाद घालू नका. नकार देतात असं दिसलं की तोच अर्ज पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, आणि तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. गुन्हा नोंदवल्यावर प्रत मोफत मिळते. वैद्यकीय तपासणीला पाठवतील, पण सत्तावीस वर्षांनी तिचा काहीच उपयोग नसतो, आणि तुमच्या संमतीशिवाय ती होऊ शकत नाही.

वकिलाचा खर्च आड येत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला उत्पन्नाचा दाखला न दाखवता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

एक सावधगिरी: तक्रारीआधी सरांचं नाव फेसबुकवर टाकू नका. पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावरच्या बदनामीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांना निर्दोष सोडताना म्हटलं होतं, की स्त्री दशकांनंतरही आणि तिला हव्या त्या व्यासपीठावर बोलू शकते. निकाल चांगला आहे, पण तो दंडाधिकारी न्यायालयाचा. नाशिकच्या न्यायालयावर तो बंधनकारक नाही, आणि बदनामीच्या खटल्याच्या तारखा भरताना तुमची मूळ तक्रार मागे पडेल.

शेवटी, तुम्ही पत्राच्या टोकाला एक ओळ लिहिलीत: सर अजून क्लास घेतात. खरं तर उत्तराची सुरुवात त्या ओळीपासून व्हायला हवी होती. तुमच्या १९९८ ला पॉक्सो लागत नाही, पण आज त्या क्लासमध्ये बसलेल्या मुलींना लागतो. कलम १९ प्रमाणे, गुन्हा घडला हे ठाऊक असेल किंवा घडण्याची भीती वाटत असेल, तर ते पोलिसांना कळवायचं असतं, आणि त्या कळवण्याला कसलीही मुदत नाही. १०९८ वर फोन करा, क्लासचा पत्ता आणि वेळ सांगा, तुमच्या बाबतीत काय झालं ते दोन वाक्यांत सांगा. पुरावा मागायचा अधिकार फोन घेणाऱ्याला नाही. निवेदनावरच्या सह्या पुढच्या आठवड्यात झाल्या तरी चालतील, हा फोन मात्र क्लास सुटायच्या आत व्हायला हवा.